आंब्याचा बाठा आणि भट्टीतलं तेल
(लेखांक 6)

मे महिना सरत आला की रत्नागिरीत हापूस डझनाच्या भावावरून किलोच्या भावावर उतरतो. डागी, लहान, फार पिकलेलं फळ कॅनिंगला जातं. रस डब्यात भरला जातो आणि मागे साली-बाठ्यांचा ढीग उरतो. फळाच्या वजनाचा तिसरा हिस्सा तरी सहज या ढिगात जातो. वळवाच्या दोन सरी पडल्या की तो आंबतो आणि वस्तीला नाकानेच त्याचा पत्ता लागतो.

या ढिगातून इंधनतेल निघेल का? निघेल. कोळशाची भट्टी पाहिलेल्याला त्यातली युक्ती चटकन कळते. लाकूड हवेशिवाय तापलं की कोळसा मागे राहतो आणि उरलेलं धुरावाटे निघून जातं. हाच धूर पकडून झटकन निववला, तर काळसर तपकिरी द्रव हाती येतो. तेच जैवतेल. बारीक केलेलं सुकं लाकूड सुमारे 500 अंश सेल्सियसला क्षणभर तापवलं, तर त्याच्या वजनाच्या 60 ते 75 टक्के द्रव मिळतो. बाकीचा कोळसा आणि वायू. तो वायू त्याच भट्टीत जाळता येतो.

नाव तेल असलं तरी गुण तेलाचे नाहीत. त्यात पाव हिस्सा पाणी असू शकतं. ते आंबट, म्हणजे आम्लधर्मी असतं, लोखंडी टाकी खातं, साठवलं की दाट होत जातं आणि डिझेलमध्ये मिसळत नाही. किलोमागे उष्णता डिझेलच्या निम्म्याहूनही कमी. ट्रॅक्टरमध्ये ओतायचा विचार कुणी करू नये. बॉयलरला मात्र ते चालतं. नेदरलँड्समधल्या हेंगेलो गावी 2015 पासून असा कारखाना चालतो आणि त्याचं तेल एका दूध प्रकल्पाच्या बॉयलरमध्ये नैसर्गिक वायूच्या जागी जळतं. त्याचा कच्चा माल लाकडाचा भुसा-चुरा आहे, फळांच्या साली नव्हेत.

खरी अडचण पाण्याची आहे. 100 किलो ओल्या सालीत 80 किलो पाणी धरू. ते तापवून उडवायला जवळपास 200 मेगाज्यूल उष्णता लागते. उरलेल्या 20 किलो सुक्या मालातून 10 किलो जैवतेल निघालं, तरी त्यात 170 मेगाज्यूलच असणार. चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला! ऊन फुकट असतं खरं, पण कॅनिंगचा ढीग वाढतो तेव्हाच कोकणात पाऊस दारात येऊन उभा राहतो.

म्हणून साल भट्टीत घालू नये. तिच्यातलं पाणी बायोगॅसच्या टाकीत अडचण ठरत नाही, उलट उपयोगी पडतं. जळगावला जैन इरिगेशनच्या फळप्रक्रिया कारखान्यात अशाच टाकाऊ मालावर गॅस आणि वीज तयार होते.

बाठ्याची गोष्ट वेगळी. त्यातले ताजे, निरोगी बाठे आधी रोपवाटिकेत जावेत. कोय कलमासाठी कोकणात त्यांना मागणी असते, पण रुजण्याची ताकद काही आठवड्यांतच सरते. बाकीचे फोडले की आतल्या कोयीतून आणखी मोलाची वस्तू मिळते. सुक्या कोयीत दहा टक्क्यांच्या आसपास स्निग्ध पदार्थ असतो. तो तुपासारखा थिजतो, अंगाच्या उबेला वितळतो आणि कोकोच्या लोण्याशी त्याचं चांगलं जुळतं. युरोपीय संघाने 2000 मध्ये चॉकलेटात 5 टक्क्यांपर्यंत चालतील अशा सहा वनस्पतिज स्निग्धांची यादी केली. तीत आंब्याची कोय आहे आणि शेजारी आपलं कोकमही! असा पदार्थ भट्टीत जाळणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी.

शेवटी उरतं ते बाठ्याचं कठीण, तंतुमय कवच. ते लाकडासारखंच असतं, सालीपेक्षा लवकर सुकतं आणि भट्टीला मानवतं. एखाद्या कारखान्याला जैवतेलाचा प्रयोग करायचाच असेल तर सुरुवात या कवचापासून करावी. त्यातही पहिला खर्च भट्टीवर नको. बाठे पावसाआधी वाळतील अशा पत्र्याच्या शेडवर करावा.

पुढच्या आठवड्यात काजूचं टरफल. त्यातलं तेल गाडीच्या ब्रेकपर्यंत कसं पोचतं, ते पाहू.