पशुवैद्यकाची नोंदणी आणि पाड्यावरच्या शेळ्या



यंदा पावसाळ्याच्या तोंडावर देवळ्याहून कळवणकडे जाताना लागणाऱ्या एका पाड्यावर आपण शेळ्यांच्या लसीकरणाचे शिबिर ठरवले होते. आपल्यासोबत विनामूल्य सेवा करणाऱ्या निवृत्त डॉक्टरांचा दोन दिवस आधी फोन आला. "ताई, माझ्या नोंदणीची मुदत संपली आहे. नूतनीकरण होईपर्यंत मी सुई हातात धरणार नाही." शिबिर पुढे ढकलावे लागले. चूक आमचीच होती. लस, बर्फाचा डबा, गाडी सगळे पाहिले, पण नोंदणीची तारीख विचारली नाही.

पुष्कळांनी विचारले, "सेवाच करायची आहे, मग कागद कशाला?" म्हणून थोडे समजावून सांगते.

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम १९८४ नुसार पशुवैद्यकीची पदवी मिळाली म्हणजे काम संपले असे नाही. नाव राज्याच्या नोंदवहीत असावे लागते. आपल्याकडे ती महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे असते आणि तिचे कार्यालय नागपूरला आहे. ही नोंदणी कायमची नसते. दर पाच वर्षांनी अर्ज करून व शुल्क भरून ती पुढे चालू ठेवावी लागते. मुदतीत शुल्क न भरल्यास नाव वहीतून निघू शकते. ठरलेल्या अटी पूर्ण केल्यावर ते पुन्हा घेतले जाते, पण मधल्या काळात व्यवसाय करता येत नाही. पैसे घेतले नाहीत म्हणून यातून सूट मिळत नाही.

याचा फटका शेवटी गरिबालाच बसतो. जनावराच्या आरोग्याचा कायदेशीर दाखला नोंदणीकृत पशुवैद्यकाच्याच सहीने चालतो. कोकणा किंवा भिल्ल कुटुंबाचा विमा उतरवलेला बैल मेला, तर कानातला बिल्ला आणि डॉक्टरांचा दाखला या दोन गोष्टींवर भरपाई अवलंबून असते. सही करणाऱ्याची नोंदणीच संपलेली असेल, तर दावा अडकतो आणि नांगराला दुसरा बैल येत नाही.

दुसरी गोष्ट औषधांची. प्रतिजैविक दिलेल्या गाईचे दूध किती दिवस विकायचे नाही, गाभण शेळीला काय चालत नाही, हे जाणणाराच जबाबदार राहिला पाहिजे. नोंदणी असली की चूक झाल्यास दाद मागायला जागा असते.

पशुधन पर्यवेक्षकांचे काय, असेही विचारले जाते. कायद्याच्या कलम ३० मध्ये त्यांच्यासारख्या पदविकाधारकांना शासनाच्या आदेशाने किरकोळ सेवा देण्याची मुभा आहे, मात्र नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. पिशवी घेऊन पाड्यावर फिरणाऱ्या कुणालाही ही मुभा नाही.

आता आपण काय करू शकतो? आपल्या मंडळीत पशुवैद्यक असतील तर त्यांनी आजच प्रमाणपत्र काढून मुदत पाहावी. संपत आली असेल तर शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नये. जे शिबिरे भरवतात त्यांनी डॉक्टरांना बोलावतानाच नोंदणी क्रमांक आणि मुदतीची तारीख लिहून घ्यावी. हे विचारण्यात त्यांचा अनादर होत नाही.

आमच्या डॉक्टरांचे नूतनीकरण झाले आणि शिबिरही पार पडले. पण ते होईपर्यंत पाऊस सुरू झाला होता आणि एका आजीच्या दोन शेळ्या आंत्रविषाराने गेल्या होत्या. आता आमच्या शिबिराच्या यादीत पहिली ओळ नोंदणीच्या तारखेची असते.