आळस नव्हे, थकवा!

ज्यांच्या घरांतील मुलगा वा मुलगी बी. फार्म.चा अभ्यास करीत आहे, त्यांनीं तिची वा त्याची दिनचर्या एकवार अवश्य न्याहाळावी. व्याख्यानें, प्रयोगशाळा, रात्रीं प्रयोगवह्यांचें लेखन. चार वर्षें, आठ सत्रें हाच क्रम! अशानें कांहींजण आंतून विझून जातात. नोकरदारांच्या अशा अवस्थेचीं, म्हणजे 'बर्नआउट'चीं, तीन अंगें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं नमूद केलीं: शक्तिक्षय, कामाविषयीं विरक्ति व आपल्या हातून कांहींच धड होत नाहीं ही भावना. विद्यार्थ्यांतहि हींच दिसतात. घरांत मात्र या विरक्तीस आळस समजून बोल लाविले जातात, हें आम्हांस अन्यायाचें वाटतें.

शिवाय, मिलिग्रॅम व मायक्रोग्रॅम यांत हजारपटींचें अंतर असतें. उद्यां पेंगुळलेल्या डोळ्यांतून तें निसटलें, तर रोग्याच्या जिवावर बेतेल. म्हणून पुरेशी झोंप ही चैन नसून या शिक्षणाचाच भाग होय. वडीलधाऱ्यांनीं जेवतांना गुणांआधीं प्रकृति विचारावी. उदासी हटत नसेल, तर मानसरोगतज्ज्ञांस दाखवावें. २०२२ पासून सरकारची 'टेलि-मानस' ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. उद्यां इतरांस औषध देणाऱ्याची आज घरानेंच काळजी घ्यावयास नको काय?