वेशीवरचे घर : आता घ्यावे की थांबावे?

आम्हा बालरोगतज्ज्ञांना पालकांचा एक प्रश्न नित्याचा असतो. बाळाला वजनकाट्यावरून उचलताच आई विचारते, "डॉक्टर, वाढ बरोबर आहे ना?" त्या दिवशीच्या एका वजनावरून या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. मागील चार-सहा महिन्यांच्या नोंदी पाहाव्या लागतात, तक्त्यावरील रेषा कोणत्या दिशेने चालली आहे ते तपासावे लागते, आणि मगच पुढील काही महिन्यांविषयी दोन शब्द बोलता येतात. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने अलीकडे मला जवळजवळ हाच प्रश्न विचारला. मात्र त्याचा प्रश्न बाळाविषयी नव्हता, घराविषयी होता.

हा विद्यार्थी आता गच्चीबावलीच्या बाजूस एका रुग्णालयात नवजात शिशुतज्ज्ञ आहे. पत्नी माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रात नोकरीस, मुलगी चार वर्षांची, राहणे भाड्याच्या सदनिकेत. एका रविवारी तो मुद्दाम भेटावयास आला आणि म्हणाला, "सर, कोकापेटच्या लिलावाचा आकडा वाचलात ना? आता घेतले नाही तर आम्हाला घर कधीच जमणार नाही. कोल्लूरजवळ एक प्री-लाँच योजना आहे. सगळी रक्कम एकदम भरली तर दर जवळजवळ निम्मा पडतो. भरू का?"

मी त्याला तत्काळ उत्तर दिले नाही. काही वर्षांपूर्वी हाच प्रश्न मी स्वतःला विचारला होता आणि त्याचे चुकीचे उत्तर देऊन बसलो होतो. ती हकिगत पुढे येईलच. परंतु आपल्या सभासदांपैकी अनेक तरुण डॉक्टर व समाजातील कितीतरी कुटुंबे आज याच विवंचनेत असल्याने, या विषयाचा जो थोडाफार अभ्यास मला करावा लागला तो येथे मांडत आहे. मी अर्थतज्ज्ञ नाही, हे आरंभीच नमूद करतो.

वस्ती पश्चिमेकडे सरकली

काचीगुडा, बरकतपुरा, सुलतान बाजार ही आपली जुनी ठिकाणे. दवाखाना खाली आणि बिऱ्हाड वर अशी आमच्या आधीच्या पिढीतील अनेक डॉक्टरांची व्यवस्था होती. पुढील पिढीचे काम माधापूर, गच्चीबावली येथे गेले आणि घराचा शोध त्याही पलीकडे, १५८ किलोमीटर लांबीच्या आउटर रिंग रोडच्या काठाने सुरू झाला. नरसिंगी, कोकापेट, तेल्लापूर, कोल्लूर ही नावे आता आपल्या घरगुती गप्पांत रुळली आहेत.

या पट्ट्यातील सर्व ठिकाणे एकसारखी नाहीत. कोकापेट कचेऱ्यांच्या भागाला लागून आहे. तेल्लापूर व कोल्लूर ही गावे संगारेड्डी जिल्ह्यात येतात. कोल्लूर येथेच २०२३ मध्ये १५,६६० घरांची सरकारी वसाहत उभी राहिली. मेट्रो २०१९ मध्ये रायदुर्गपर्यंत पोहोचली. तेथून कोकापेटपर्यंतचा मार्ग २०२४ मध्ये केंद्राकडे पाठविलेल्या दुसऱ्या टप्प्याच्या प्रस्तावात आहे, परंतु प्रस्ताव म्हणजे गाडी नव्हे. विक्रेत्याच्या रंगीत पत्रकात मात्र हा फरक कधीच दिसत नाही.

लिलावाचा आकडा आणि सदनिकेचा दर

कोकापेटच्या निओपोलिस वसाहतीतील सरकारी भूखंडांचे लिलाव सर्वांच्या तोंडी आहेत. २०२१ मध्ये तेथे एकरी कमाल ६०.२० कोटी रुपये मिळाले, ऑगस्ट २०२३ मध्ये १००.७५ कोटी आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये १५१.२५ कोटी. हे आकडे ऐकून कोणाच्याही छातीत धडधड व्हावी. परंतु त्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे.

एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. १००.७५ कोटींचा दर म्हणजे जमिनीच्या प्रत्येक चौरस फुटास सुमारे २३,१०० रुपये. आता हैदराबादचे वैशिष्ट्य असे की, २००६ सालच्या शासकीय आदेशानुसार येथे चटईक्षेत्र निर्देशांकाची सरसकट कमाल मर्यादा नाही. रस्त्याची रुंदी, सोडावयाची मोकळी जागा, अग्निशमन आदी अटी पाळल्या की उंच बांधता येते. समजा, जमिनीच्या दसपट बांधकाम झाले. मग त्याच जमिनीचा भार बांधकामाच्या चौरस फुटास सुमारे २,३०० रुपये इतकाच पडतो. १५१.२५ कोटींच्या दरालाही तो सुमारे ३,५०० रुपये होतो. कोकापेटला चाळीस-पन्नास मजली मनोरे का उभे राहतात, याचे उत्तर या गणितात आहे.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, ज्याने इतकी महाग जमीन घेतली तो विकासक आपला जाहीर दर सहजासहजी खाली आणणार नाही. दुसरी, उंचीला बंधन नसल्याने घरांचा पुरवठा हवा तितका वाढू शकतो, आणि जेथे पुरवठा वाढू शकतो तेथे दर दीर्घकाळ भडकत राहणे अवघड असते. कोकापेटच्या एका भूखंडाचा विक्रम हा कोल्लूरच्या प्रत्येक सदनिकेचा दर ठरवीत नाही. ताप किती आहे हे थर्मामीटर सांगतो, आजार कोणता हे सांगत नाही. लिलावाच्या आकड्याचे तसेच आहे.

पुढील एक-दोन वर्षे

नजीकच्या भविष्याचा अंदाज बांधताना मी तीन लक्षणे पाहतो.

पहिले लक्षण व्याजाचे. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ या काळात रेपो दर ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आणला. वीस वर्षे मुदतीच्या पन्नास लाखांच्या कर्जाचा हप्ता ९ टक्के व्याजाने ४४,९८६ रुपये येतो, तर ८ टक्क्यांनी ४१,८२२ रुपये. महिन्याला तीन हजारांचा दिलासा मिळतो खरा, परंतु तेवढ्यासाठी कोणी घाईने घर घ्यावे असा तो नाही.

दुसरे लक्षण रोजगाराचे. या पट्ट्यातील मागणी मुख्यतः माहिती-तंत्रज्ञान क्षेत्राच्या पगारावर उभी आहे. २०२५ मध्ये काही मोठ्या कंपन्यांनी कर्मचारी कपात जाहीर केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेने नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावले. परदेशातून येथे गुंतवणूक करणाऱ्यांच्या मनावर याचा परिणाम होणे स्वाभाविक आहे. दुसरीकडे बहुराष्ट्रीय कंपन्यांची स्वतःची कार्यकेंद्रे हैदराबादला येतच आहेत. म्हणजे नाडी चालू आहे, पण पूर्वीइतकी भरलेली नाही.

तिसरे लक्षण शिल्लक साठ्याचे. न विकल्या गेलेल्या सदनिकांचा साठा देशात ज्या शहरांत मोठा आहे त्यांत हैदराबाद मोडते, आणि त्यातील बराच भाग याच पश्चिम पट्ट्यात आहे.

तिन्ही एकत्र पाहता माझे मत असे झाले आहे की, पुढील एक-दोन वर्षांत येथे जाहीर दर फारसे घसरणार नाहीत, परंतु मागील काही वर्षांसारखी उडीही मारणार नाहीत. सूट दरात न दिसता अन्य रूपाने मिळेल: वाहनतळाचे पैसे माफ, हप्त्यांत सवलत, स्वयंपाकघराची मांडणी मोफत. तयार आणि राहती झालेली वसाहत आपला दर टिकवील. तेल्लापूर-कोल्लूरकडील बांधकामाधीन सदनिकांत घासाघीस करण्यास ग्राहकाला वाव राहील. दूरच्या मोकळ्या भूखंडांना अडचणीच्या वेळी गिऱ्हाईक मिळणे कठीण जाईल.

थांबण्याची किंमतही मोजून पाहू. समजा तयार सदनिका १.२० कोटींची आहे आणि त्यापैकी नव्वद लाख कर्ज आहे. आठ टक्क्यांनी पहिल्या वर्षाचे व्याज सुमारे सात लाख. स्वतःच्या तीस लाखांवरील बुडालेले व्याज सुमारे दोन लाख. एकूण नऊ लाख. न घेता भाड्याने राहिल्यास महिना चाळीस हजारांप्रमाणे वर्षाचे ४.८० लाख. फरक सव्वाचार लाखांच्या आसपास, म्हणजे किमतीच्या साडेतीन टक्के. प्राप्तिकर, देखभाल वगैरे तपशील सोडले, तर वर्षभरात दर एवढ्याहून कमी वाढल्यास थांबणाऱ्याचा तोटा होत नाही. बांधकामाधीन घरात भाडे व कर्जाचे व्याज दोन्ही एकाच वेळी भरावे लागते, शिवाय एप्रिल २०१९ पासून परवडणारी घरे वगळता त्यावर पाच टक्के जीएसटी आहे. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरास तो लागत नाही.

माझी चूक

आता ती हकिगत. २०२० साली माझ्या एका बालरुग्णाच्या वडिलांनी मला एका योजनेची माहिती दिली. इमारतीला अद्याप परवानगी नव्हती, रेराची नोंदणी नव्हती. जमिनीतील ‘अविभक्त हिस्सा’ आमच्या नावे होणार आणि पुढे त्यावर सदनिका मिळणार, असे स्वरूप होते. दर बाजाराच्या निम्मा. त्या गृहस्थांनी आपले आजारी मूल निःशंकपणे माझ्या हाती सोपविले होते. त्यांच्याकडे कागदपत्रे मागणे मला संकोचाचे वाटले. निवृत्तीसाठी जमविलेल्या पैशांपैकी अठ्ठावीस लाख मी एकरकमी भरले. घरी सांगितले ते भरल्यानंतर.

त्या जागेवर आजही कुंपण आणि बाभळी आहेत. ते गृहस्थही फसलेच होते. त्यांनी माझ्याहून अधिक पैसे घातले होते. दाद मागितली, निकाल आमच्या बाजूने लागला, परंतु ज्याच्याकडे पैसाच उरला नाही त्याच्याकडून वसुली कशी होणार? या वयात आठवड्याचे सहाही दिवस संध्याकाळचा दवाखाना मी चालवितो, त्यामागे सेवाभावाबरोबर हेही एक कारण आहे. हे लिहिणे सुखाचे नाही. पण फसलेला डॉक्टर लाजेने गप्प बसतो आणि त्याच्या मौनामुळे दुसरा फसतो, हे मी या पाच-सहा वर्षांत अनेकदा पाहिले. आपल्या हाती रोख रक्कम असते, वेळ नसतो, आणि ओळखीच्या माणसाचा शब्द आपल्याला पुरेसा वाटतो.

कागदांची तपासणी

आता मला वाटते की, घरासाठी घर घेणाऱ्याला दराच्या चार टक्के चढउताराचे भय गौण आहे. खरे भय घर न मिळण्याचे आहे. त्यावरील उपाय कायद्यात आहेत. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार नोंदणीपूर्वी योजनेची जाहिरात वा विक्री करता येत नाही. नोंदणीकृत करारनाम्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी सत्तर टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवून ती त्याच योजनेच्या जमिनीवर व बांधकामावर खर्चावी लागते. म्हणजे ‘सगळी रक्कम आताच भरा’ हे वाक्यच धोक्याचे लक्षण मानावे.

शिवाय हैदराबादपुरती आणखी एक तपासणी अत्यावश्यक आहे, ती तलावांची. जुलै २०२४ मध्ये ‘हायड्रा’ ही यंत्रणा स्थापन झाली आणि तलावांच्या पूर्ण जलसंचय पातळीच्या आत, तसेच त्याभोवतीच्या राखीव पट्ट्यात झालेली बांधकामे तिने पाडली. काहींच्या हाती परवानग्याही होत्या, असे तेथील रहिवाशांचे म्हणणे होते. उस्मानसागर व हिमायतसागर यांच्या रक्षणासाठी १९९६ च्या १११ क्रमांकाच्या आदेशाने ८४ गावांत बांधकामावर निर्बंध आले. २०२२ मध्ये ते शिथिल करणारा आदेश निघाला. तेथील जमीन स्वस्त दिसते, पण एका आदेशाने उघडलेले दार दुसऱ्या आदेशाने वा न्यायालयाच्या निर्णयाने मिटू शकते. म्हणून तलावाचा नकाशा, बोजा प्रमाणपत्र आणि मूळ मालकीची कागदपत्रे स्वतंत्र वकिलाकडून तपासून घ्यावीत. विक्रेत्याने सुचविलेला वकील नको. त्याच्या शुल्काकडे तपासणीचा खर्च म्हणून पाहावे. आपण रुग्णाला तपासण्या लिहून देतो, तेव्हा हेच सांगतो.

त्या विद्यार्थ्याला मी माझे कागद दाखविले आणि अठ्ठावीस लाखांचा आकडा प्रथमच कोणापुढे मोठ्याने उच्चारला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, त्या योजनेच्या माणसाकडे रेराचा नोंदणी क्रमांक मागतो." चार दिवसांनी त्याचा फोन आला. क्रमांक ‘लवकरच येणार’ असे त्याला सांगण्यात आले होते. त्याने पैसे भरले नाहीत. भाड्याच्या घराचा करार वर्षभरासाठी वाढविला असून तेल्लापूरला पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या दोन वसाहती तो सध्या पाहत आहे.

घर घेऊ नये असे माझे म्हणणे मुळीच नाही. आपली मुले याच शहरात राहावीत आणि त्यांच्या डोक्यावर स्वतःचे छप्पर असावे, ही प्रत्येक कुटुंबाची रास्त इच्छा आहे. मात्र येते वर्ष-दोन वर्षे बाजाराची स्थिती अशी आहे की ग्राहकाला विचार करावयास, कागद तपासावयास आणि घासाघीस करावयास अवधी आहे. तो अवधी वापरावा. आणि ज्या सभासदांना कोणा योजनेचे कागद वाचून घ्यावयाचे असतील त्यांनी संकोच न करता मजकडे यावे. संध्याकाळी आठनंतर मी दवाखान्यातच असतो.