मांजर मोकळं सोडावं का?

कर्जत-खालापूरकडे मांजर पाळायचं ते उंदरांसाठी. भाताच्या कणगीभोवती त्याची गस्त असे. आता नेरळ-खोपोलीत फ्लॅट वाढले, तरी दार उघडताच ते बाहेर धूम ठोकतं. पावसाळ्यात माजलेल्या गवतात घोणस किंवा फुरसं दडलेलं असू शकतं, आणि हललेल्या पात्यावर झडप घालणं मांजराच्या रक्तातच आहे.

पण धोका एकतर्फी नाही. पोट भरलेलं मांजरही शिकार करतं. नुकतंच पंख फडफडवू लागलेलं साळुंकीचं पिल्लू त्याच्या तावडीत सहज सापडतं. इंग्लंडमध्ये एक्सेटर विद्यापीठाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भरपूर मांस असलेल्या खाण्यामुळे मांजरांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी घटली. रोज पाच-दहा मिनिटं खेळवल्याने २५ टक्क्यांनी.

म्हणून मी तरी म्हणेन, मांजर घरातच ठेवा, पण कंटाळू देऊ नका. खिडकीला मजबूत जाळी लावा. दोरीला पीस बांधून ते सोफ्याआड सरकवा: मांजर दबा धरतं, बूड हलवतं आणि झेपावतं. शेवटी ते त्याच्या पंजात येऊ द्या. नसबंदी मात्र आधी उरका, नाहीतर माजावर आलेली मांजरी दाराशी रात्रभर ओरडत राहील. रेबीजची लस घरातल्या मांजरालाही हवीच.