आडवं पाण्यात उतरलेलं अजस्र जहाज

लंडनला गेलात तर ओहोटीच्या वेळी मिलवॉलला जरूर जा. थेम्सच्या काठावर जाडजूड लाकडी ओंडके दिसतात. 'ग्रेट ईस्टर्न' जहाज ज्या उतारावरून पाण्यात सोडलं, त्याचेच हे अवशेष! २११ मीटर लांबीचं जहाज सरळ सोडायला नदी अपुरी, म्हणून जहाजाचा अभियंता ब्रुनेल याने ते आडवं सरकवायचं ठरवलं. एरवी लाकडी उताराला चरबी चोपडतात. इथे मात्र लोखंडी रुळांवरून जहाजाखालच्या लोखंडी पट्ट्या घसरायच्या होत्या. ३ नोव्हेंबर १८५७ ला जहाज जरासं हललं, त्याला आवरून धरणाऱ्या रहाटाचे दांडे उलटे फिरले, कामगार फेकले गेले आणि जहाज अडकलं. मग हायड्रॉलिक जॅकने रेटत रेटत ३१ जानेवारी १८५८ ला ते एकदाचं तरंगलं. या तीन महिन्यांच्या झुंजीचं मला फार कौतुक वाटतं. पुढे १८७० मध्ये मुंबई-एडन समुद्री तार टाकली ती याच जहाजाने.