घरी शिकणाऱ्या मुलांचा इतिहास : पुस्तके आणि साधने कशी निवडावीत

गणित घरी शिकवायचे झाले तर पुढची पायरी कोणती, हे बऱ्याच अंशी तो विषयच ठरवून देतो. बेरीज आल्याशिवाय गुणाकाराकडे जाता येत नाही. इतिहासात अशी सक्ती नसते. सातवाहनांपासून सुरुवात करता येते, शिवकाळापासून करता येते, आजोबा ज्या गिरणीत कामाला होते तिथूनही करता येते. त्यामुळे मुलांना शाळेत न घालता घरी शिकवणारे पालक या विषयापाशी हमखास अडखळतात. एका बाजूला मोफत मिळणारी सरकारी पाठ्यपुस्तके असतात, दुसऱ्या बाजूला महागडे परदेशी संच, आणि शिवाय कादंबऱ्या, चित्रकथा, मालिका, व्हिडिओ. इतक्यातून निवड करायला एक कसोटी सर्वांत उपयोगी पडते. मुलाने ‘हे कशावरून?’ असे विचारले, तर हाती असलेले पुस्तक त्याला उत्तराच्या दिशेने नेते का?

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. ६ ते १४ वयाच्या मुलांना तो लागू आहे, पण त्यात होमस्कूलिंगचा स्पष्ट उल्लेख नाही. घरी शिकणाऱ्या मुलाने अमुकच इतिहास शिकावा, असा अभ्यासक्रमही कोणी आखून दिलेला नाही. बंधन येते ते परीक्षेमुळे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या, म्हणजे एनआयओएसच्या, मुक्त मूलभूत शिक्षणात तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष असे तीन स्तर आहेत. दहावीला किमान पाच विषय निवडायचे असतात आणि सामाजिक शास्त्र त्यांत असलेच पाहिजे असे नाही. राज्य मंडळाची दहावी १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून देता येते, पण तिथे इतिहास व राज्यशास्त्र टळत नाही. केंब्रिजच्या आयजीसीएसईचा इतिहास मुख्यतः एकोणिसाव्या-विसाव्या शतकाचा आणि बराचसा युरोपकेंद्री आहे. त्याची एक प्रश्नपत्रिका मात्र पूर्णपणे साधनांवर असते. उतारे आणि व्यंगचित्रे समोर ठेवून त्यांवर कितपत विश्वास ठेवावा, असे त्यात विचारतात. कोणती परीक्षा द्यायची हे बाराव्या-तेराव्या वर्षी ठरवले तरी चालते. तोवरची वर्षे मोकळी असतात आणि इतिहासाची गोडी लागायची ती त्याच काळात लागते.

मधला कणा म्हणून एखादे सलग पुस्तक मात्र हवे. मराठी घरांसाठी बालभारतीची पुस्तके हा पहिला आणि चांगला पर्याय आहे. ती संकेतस्थळावर मोफत मिळतात, भाषा सोपी असते, नकाशे-चित्रे भरपूर असतात. त्यांचा क्रम मात्र समजून घ्यायला हवा. गेली काही वर्षे चालत आलेल्या मालिकेत चौथीला ‘शिवछत्रपती’, पाचवीला अश्मयुगीन माणूस, सहावीला प्राचीन भारत, सातवीला मध्ययुग आणि मराठे, आठवीला आधुनिक भारत, नववीला १९६० नंतरचा भारत अशी मांडणी आहे. म्हणजे मूल आधी सतराव्या शतकात जाते आणि तिथून एकदम लाखो वर्षे मागे येते. शाळेत हे खपून जाते. घरी त्यावर सोपा इलाज आहे. भिंतीवर एक लांब कागदी पट्टी लावायची, तिच्यावर शतकांच्या खुणा करायच्या, आणि जे जे वाचून होईल ते योग्य जागी लिहीत जायचे. वर्षभरात मुलाला काळाचे जे भान येते, ते सनावळ्या घोकून येत नाही.

दहावीच्या पुस्तकाकडे पालकांचे सहसा लक्ष जात नाही, कारण तो परीक्षेचा विषय मानला जातो. वास्तविक २०१८ साली आलेले हे पुस्तक घरी शिकवणाऱ्यांसाठी मोलाचे आहे. इतिहास कसा लिहिला जातो, भारतात आणि पाश्चात्त्य देशांत त्याची परंपरा कशी घडली, खेळ, पर्यटन, चित्रपट, वृत्तपत्रे यांचा इतिहासाशी काय संबंध, हे त्यात आहे. यातली पहिली प्रकरणे पालकांनी स्वतः आधी वाचावीत. मूल आठ वर्षांचे असले तरीही, कारण प्रश्न कसे विचारायचे हे तिथे कळते. राज्याच्या पुस्तकांची उणीव म्हणजे जगाचा इतिहास फार उशिरा येतो. युरोपातील प्रबोधन आणि वसाहतवाद यांची सविस्तर ओळख बारावीत होते.

ती जागा एनसीईआरटीच्या पुस्तकांनी भरून निघते. फ्रेंच राज्यक्रांती, रशियन क्रांती आणि नाझी राजवट यांवरचे जुन्या नववीच्या पुस्तकातले धडे मोठ्या मुलांना खिळवून ठेवतात. बारावीच्या ‘थीम्स इन इंडियन हिस्टरी’ या त्रिखंडी पुस्तकाची रचना तर आदर्श म्हणावी अशी आहे. कुठे उत्खननातल्या विटा आणि मणी, कुठे शिलालेख, कुठे परदेशी प्रवाशांचे वृत्तान्त, अशा एकेका प्रकारच्या साधनाभोवती प्रकरणे गुंफलेली आहेत. एक काळजी मात्र घ्यावी. या पुस्तकांच्या आवृत्त्या बदलत असतात. २०२३ च्या आवृत्तीतून मोगल दरबार आणि त्यांच्या बखरींवरचे प्रकरण गळले. सहावीसाठी २०२४ पासून आणि सातवी-आठवीसाठी २०२५ पासून पूर्णपणे नवी पुस्तके आली. घरी शिकवणाऱ्यांना दोन्ही आवृत्त्या जवळ ठेवता येतात. काय वगळले, काय नव्याने घातले हे पंधरा वर्षांच्या मुलाने स्वतः शोधून काढणे, हा इतिहासाचा उत्तम धडा आहे.

परदेशी संचांमध्ये सुसान वाइज बॉअर यांची ‘द स्टोरी ऑफ द वर्ल्ड’ ही चार खंडांची मालिका इंग्रजीतून शिकवणाऱ्या भारतीय घरांतही पोहोचली आहे. प्राचीन, मध्ययुगीन, अर्वाचीन आणि आधुनिक असे चार वर्षांचे चक्र, आणि गोष्टीच्या ओघात सांगितलेला इतिहास, हे तिचे बळ. सहा ते दहा वर्षांच्या मुलाला मोठ्याने वाचून दाखवायला ती छान आहे. पण त्या जगात दख्खन जवळजवळ नाही, आणि भारत अधूनमधून येतो. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ही उणीव जास्त जाणवते. तिथे नियमही राज्यागणिक वेगळे आहेत. न्यूयॉर्कमध्ये विषयांची यादी ठरलेली असते आणि दर तिमाहीला अहवाल द्यावा लागतो. टेक्सासच्या आवश्यक विषयांत इतिहासाचे नावही नाही. जर्मनीत तर होमस्कूलिंगलाच मनाई आहे. अमेरिकी बाजारातले काही संच धार्मिक प्रकाशकांचे असतात आणि बायबलमधल्या कालगणनेवर प्राचीन इतिहास बेततात. विकत घेण्याआधी अश्मयुगावरचे पहिले प्रकरण वाचले की हे लगेच ध्यानात येते.

कणा ठरला की खरे काम सुरू होते ते साधनांचे, आणि इथे मराठी पालकांच्या हाती जे आहे त्याची अनेकांना कल्पना नसते. शिवजन्माच्या तारखेचेच पाहा. १९ फेब्रुवारीला शासकीय शिवजयंती होते, पुढे काही दिवसांनी फाल्गुन वद्य तृतीयेला तिथीने होते, आणि जुन्या पुस्तकांत वैशाखातली तिथी व १६२७ हे साल सापडते. मूल गोंधळते आणि विचारते, खरे कोणते? यातला पहिला फरक नुसता पंचांगाचा आहे. शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया म्हणजेच १९ फेब्रुवारी १६३०. दुसरा फरक पुराव्याचा आहे. १६२७ हे साल उत्तरकालीन बखरींतून आलेले. त्यांतली चिटणिसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची. १६३० हे साल जेधे शकावलीत मिळते. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातली ही टिपणे लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रकाशात आणली. महाराजांच्या हयातीत रचलेल्या परमानंदाच्या ‘शिवभारता’नेही तीच तिथी दिली आहे. घटनेच्या जवळचा साक्षीदार कोण आणि दूरचा कोण, दोन स्वतंत्र साधने जुळतात का, नवा कागद सापडल्यावर जुने मत का सोडावे लागते, हे सगळे या एका तारखेतून बारा वर्षांच्या मुलाला समजते. तासभर पुरतो. इतिहासाचा अभ्यासक्रम म्हणतात तो मुळात हाच आहे, आणि तो कोणत्याही संचात विकत मिळत नाही.

थोड्या मोठ्या मुलांसाठी विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ अवश्य ठेवावा. वरसई गावचा हा भिक्षुक दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेला, १८५७ च्या धामधुमीत सापडला आणि झाशीचा वेढा त्याने शहरात राहून पाहिला. मराठीत, आपल्यासारख्याच साध्या माणसाने सांगितलेली ही हकीकत मुले एका दमात वाचतात. वाचून झाल्यावर विचारायचे प्रश्न तयारच आहेत. लेखन घटनेनंतर सुमारे २५ वर्षांनी झाले. इतक्या वर्षांत आठवणी किती बदलल्या असतील? १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्यांनी पुस्तक छापताना मजकुरात फेरफार केले आणि मूळ हस्तलिखितावरची प्रत दत्तो वामन पोतदारांनी पुढे प्रसिद्ध केली. मग आपल्या हातात आहे ती आवृत्ती कोणती?

कादंबऱ्यांविषयी पालकांची दोन टोके दिसतात. काही ‘श्रीमान योगी’ आणि ‘छावा’ यांनाच इतिहास समजतात, काही कादंबरी घरात येऊ देत नाहीत. दोन्ही भूमिका मुलाचे नुकसान करतात. कादंबरीमुळे काळ डोळ्यांसमोर उभा राहतो, माणसांविषयी आस्था निर्माण होते. फक्त त्यातले संवाद लेखकाचे आहेत हे पहिल्याच दिवशी सांगावे. विश्वास पाटलांची ‘पानिपत’ वाचून भारावलेल्या मुलाच्या हाती पुढे त्र्यंबक शंकर शेजवलकरांचे ‘पानिपत : १७६१’ द्यावे. १४ जानेवारी १७६१ च्या त्याच लढाईकडे कादंबरीकार कसा पाहतो आणि इतिहासकार कसा, हे शेजारी ठेवूनच कळते. चित्रकथांना आणि श्याम बेनेगल यांच्या ५३ भागांच्या ‘भारत एक खोज’ला हाच न्याय लागू होतो. व्हिडिओंच्या बाबतीत मात्र कडक राहावे. साधनाचे नाव न सांगता छातीठोक विधाने करणारा व्हिडिओ कितीही रंगतदार असला तरी अभ्यासात धरू नये.

एकाच पुस्तकावर विसंबले की एकाच बाजूने पाहण्याची सवय लागते. जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये रचलेल्या पोवाड्यातले शिवाजी महाराज, बाबासाहेब पुरंदऱ्यांचे आणि गोविंद पानसऱ्यांच्या ‘शिवाजी कोण होता?’ मधले, हे तिन्ही मुलाने तरुण होण्याआधी वाचलेले असावेत. घर कोणत्याही विचाराचे असो, ही गोष्ट टाळू नये. उलट आपल्या विचाराच्या विरुद्ध बाजूचे पुस्तक मुद्दाम आणावे. शाळेत निदान वर्गातली इतर मुले वेगळे काही बोलतात. घरी तो वेगळा आवाज पुस्तकांमधूनच आणावा लागतो. गोव्यातल्या कुटुंबांनी १५१० ते १९६१ या पोर्तुगीज काळासाठी स्वतंत्र वाचन जमवावे, कारण भारताच्या सर्वसाधारण पुस्तकांत तो दोन-चार ओळींत संपतो. आदिवासी समाज, स्त्रिया, भटके, कारागीर यांच्याबाबतही हीच उणीव आहे.

घरी शिकणाऱ्यांना शाळेपेक्षा एक मोठी सवलत असते, ती दिवसाच्या मोकळ्या वेळेची. कार्ल्याच्या चैत्यगृहात आठवड्याच्या मधल्या दिवशी गर्दी कमी असते. तिथल्या खांबांवर ब्राह्मीत दात्यांची नावे कोरलेली आहेत आणि त्यांत धेनुकाकटचे यवनही आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी कोण्या परदेशी वंशाच्या माणसाने सह्याद्रीतल्या बौद्ध लेण्याला खांब का दिला असेल, हा प्रश्न नाणेघाटापर्यंत, तिथल्या जकातीपर्यंत आणि समुद्रमार्गे चालणाऱ्या व्यापारापर्यंत घेऊन जातो. इतके लांब जाणे जमत नसेल तर गावच्या देवळामागचा वीरगळ पाहावा. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्रसूर्य. मूल तो चित्रकथेसारखा वाचू लागते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही विसरू नये. पानशेतचा पूर, कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ, १९८२ चा गिरणी संप यांच्या आठवणी आजी-आजोबांकडून ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात आणि त्या त्या वर्षीच्या वर्तमानपत्रांशी ताडून पाहाव्यात.

जवाहरलाल नेहरूंनी १९२८ च्या उन्हाळ्यात मसुरीला असलेल्या दहा वर्षांच्या इंदिरेला पत्रांतून पृथ्वीचा आणि माणसाचा आरंभ समजावून दिला. पुढे १९३० ते १९३३ या काळात, मुख्यतः तुरुंगातून, जगाचा सगळा इतिहास तिला लिहून पाठवला. त्यातली बरीच माहिती आता जुनी झाली आहे. पालक स्वतः विषयात रमला तर किती पुढे जाता येते, याचा तो आजही सर्वांत मोठा दाखला आहे.

खर्चाचे गणित मांडले तर पहिल्या वर्षी कोणताही तयार संच विकत घेण्याची गरज नाही. बालभारती, एनसीईआरटी आणि मराठी विश्वकोश विनामूल्य उपलब्ध आहेत, अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकांचा मोठा साठा आहे. पैसे घालायचे असतील तर ते एका चांगल्या ऐतिहासिक नकाशासंग्रहात, गावातल्या ग्रंथालयाच्या वर्गणीत आणि एसटीच्या तिकिटांत घालावेत. संच घ्यायचाच झाला, तर आपल्याला नीट ठाऊक असलेल्या विषयावरचे त्यातले एक प्रकरण आधी वाचून पाहावे. तिथे तो चुकत असेल, तर बाकीच्या प्रकरणांवर विश्वास ठेवू नये.