आधी थेरपी, मग कागद : दिव्यांग मुलांच्या पालकांसाठी

मूल दीड वर्षाचं झालं तरी हाकेला वळून बघत नाही, अशी शंका कुणी बोलून दाखवली की घरात पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "याचा मामाही उशिराच बोलला होता." मामा बोललाही असेल उशिरा. पण त्या वाक्यावर विसंबून जी वर्षं जातात, त्यांची भरपाई नंतर फार अवघड होते. म्हणून आज आम्ही योजनांची यादी वाचणार नाही. माहिती कुठे मिळते आणि कोणत्या क्रमाने शोधायची, एवढंच बोलू.

ऐकण्याचंच बघा. जन्मानंतर महिनाभरात तपासणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू, असा क्रम जगभर धरतात. कारण सरळ आहे. मेंदू भाषा पकडतो तो याच काळात. कानावर काही पडलंच नाही तर तो शिकणार कशावरून? बाकीच्या अडचणींतही, म्हणजे चालणं, बसणं, नजर देणं, लवकर सुरुवात केल्याचा फायदा होतोच.

मग जायचं कुठे? आधी अंगणवाडी सेविका किंवा आशाताई. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा मुलं तपासतं. पुढची तपासणी लागली तर मूल जिल्हा पातळीवरच्या डीईआयसी केंद्राकडे पाठवतात. हे केंद्र बहुधा सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात असतं, आणि गंमत म्हणजे त्याच आवारात रोज जाणाऱ्यांनाही ते ठाऊक नसतं. डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, स्पीच थेरपिस्ट अशी माणसं एका जागी असावीत, ही त्यामागची कल्पना. सगळी पदं भरलेली असतातच असं नाही. तरीही पहिली तपासणी आणि पुढची चिठ्ठी तिथून मिळवावी. मुंबईच्या जवळपास असाल तर वांद्र्याची अली यावर जंग संस्था वाचा आणि श्रवण यासाठीच आहे.

इथे एक गैरसमज फार नडतो. पालकांना वाटतं, आधी सर्टिफिकेट, मग उपचार. उलट आहे. थेरपीला प्रमाणपत्र लागत नाही. प्रमाणपत्र लागतं ते सवलती, शिष्यवृत्ती, अशा गोष्टींना. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले. ऑटिझम, थॅलेसेमिया, अध्ययन अक्षमता आता त्यात आहेत. बऱ्याच सवलती चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त असेल तरच लागू होतात. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, तपासणी सरकारी रुग्णालयात, आणि मग यूडीआयडी कार्ड. लहान मुलांना बऱ्याचदा तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं. त्याची मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवा.

"शिक्का बसेल" म्हणून कार्ड न काढणारी घरं आम्हाला भेटतात. त्यांची भीती खोटी नाही, लग्नाच्या वाटाघाटींपर्यंत ती पोचते. पण कार्ड न काढल्याने मुलाची अडचण जात नाही, फक्त त्याचा हक्क मागायला हातात काही राहत नाही.

शाळेचं दार वेगळं, आणि आरोग्य खात्याला शिक्षण खात्याचा पत्ता क्वचितच माहीत असतो. तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक कोण, ते विचारा. मुलाला शाळेत नेणं शक्यच नसेल तर घरी येऊन शिकवण्याची तरतूद कायद्यात आहे, त्याचीही चौकशी तिथेच करा. चाळीस टक्क्यांची अट पूर्ण करणाऱ्या मुलाला सहा ते अठरा वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे; जवळची शाळा की विशेष शाळा, हे निवडण्याचाही. मान्यताप्राप्त शाळेला दिव्यांगत्वाच्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही. "आमच्याकडे सोय नाही" असं तोंडी सांगितलं, तर शांतपणे म्हणायचं, "हेच लेखी द्या." पुष्कळदा तिथेच सूर बदलतो. नाही बदलला, तर गट शिक्षणाधिकारी, आणि त्यांच्यावर पुण्यातलं दिव्यांग कल्याण आयुक्तालय.

एक फाईल ठेवा : जन्माचे कागद, तपासण्या, थेरपीच्या नोंदी, तारखेनुसार, झेरॉक्ससह. आणि थेरपीबाहेरच्या बाकावर शेजारी बसलेल्या आईशी बोला. कोणत्या वारी कोणते डॉक्टर असतात, कोणत्या खिडकीवर फॉर्म घेतात, हे कुठल्याच पत्रकात छापलेलं नसतं. तिला ते माहीत असतं.

आता प्रश्न घेऊ. आपला जिल्हाही सांगा, म्हणजे तिथलंच सांगता येईल.